सोनेरी धारेचे अंतरंग

औद्योगिक वसाहतीतील हत्यारांच्या दुकानात काचेच्या कपाटाकडे पाहिले, तर करड्या-काळ्या ड्रिलांच्या ओळीशेजारी सोनेरी ड्रिलांची एक ओळ हमखास दिसते. किंमत अर्थातच अधिक असते. आयटीआय पूर्ण करून नुकत्याच कामाला लागलेल्या मुलाला वाटते की, हा सोन्यासारखा मुलामा दिसण्यासाठी दिलेला असावा. वस्तुतः त्यात सोन्याचा अंशही नसतो. टायटॅनियम हा धातू आणि हवेतील नायट्रोजन यांच्या संयोगातून झालेले टायटॅनियम नायट्राइड नावाचे सिरॅमिक द्रव्य तेथे पसरलेले असते. ते प्रकाशातील निळा भाग शोषून घेते, पिवळा व तांबडा परावर्तित करते, म्हणून आपल्या डोळ्यांना सोने दिसते. या लेपाची जाडी साधारणतः दोन ते चार मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीचा विसावा हिस्सा. एवढ्याशा पापुद्र्यामुळे ड्रिलचे आयुष्य कित्येक पटींनी वाढू शकते. हे कसे घडते आणि अलीकडे एका लेपाऐवजी शेकडो अतितलम थरांचा लेप का दिला जातो, याचा उलगडा करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. आपल्या वसतिगृहातून शिकून गेलेल्या अनेकांची रोजची भाकरी लेथ, मिलिंग आणि ड्रिलिंग यंत्रांवर अवलंबून आहे, त्यामुळे हा विषय केवळ प्रयोगशाळेचा नाही.

लेप देण्याची कला आपल्याला नवी नाही. तांब्या-पितळेच्या भांड्यांना नवसागर टाकून कथलाची कल्हई करणारे कारागीर एके काळी गावोगाव फिरत. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, तापलेल्या भांड्यावर कापसाच्या बोळ्याने ते पसरले की काम झाले. तेथे लेप मऊ असला तरी चालतो, कारण त्याचे काम आंबट पदार्थाला तांब्यापासून दूर ठेवण्याचे. हत्याराच्या लेपाची गोष्ट नेमकी उलटी आहे. त्याला मूळ धातूहून पुष्कळ कठीण व्हायचे आहे आणि तरीही हजारो धक्के खाऊन न उकलता चिकटून राहायचे आहे. टायटॅनियम नायट्राइड जवळजवळ २,९५० अंशांना वितळते, तेव्हा ते वितळवून पसरण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

सिरॅमिक म्हटले की कपबशी आणि फरशी आठवते. धातू आणि नायट्रोजन, कार्बन वा ऑक्सिजन यांच्या संयोगातून होणारी कठीण, उष्णता सोसणारी द्रव्येही याच कुळातील होत. टायटॅनियम नायट्राइड, क्रोमियम नायट्राइड, टायटॅनियम कार्बाइड, ॲल्युमिनियम ऑक्साइड ही त्यांपैकी नेहमीच्या वापरातील नावे. यांतील अणूंचे बंध बळकट आणि दिशाबद्ध असतात, त्यामुळे ते सहजासहजी एकमेकांवरून सरकत नाहीत. कठीणपणाचे मूळ येथे आहे आणि ठिसूळपणाचेही मूळ येथेच आहे. धातूवर आघात झाला तर त्याचे अणू थोडे सरकून आघात पचवतात, सिरॅमिकला ती सोय नसल्याने तडा जातो. ‘दगडापेक्षा वीट मऊ’ असे आपण म्हणतो खरे, पण हत्यार घडवणाऱ्याला दगडाचे काठिण्य आणि लोखंडाचा चिवटपणा ही दोन्ही एकाच ठिकाणी हवी असतात.

एकाच द्रव्यात हे दोन्ही गुण मिळत नाहीत, म्हणून कामाची वाटणी करण्याची कल्पना पुढे आली. आतला गाभा चिवट आणि बाहेरचा पापुद्रा कठीण. टंगस्टन कार्बाइडच्या टिपांवर टायटॅनियम कार्बाइडचा लेप देऊन त्या १९६९ च्या सुमारास युरोपातील कंपन्यांनी बाजारात आणल्या. त्यासाठी रासायनिक वाफेची पद्धत वापरली गेली, तिला सुमारे १,००० अंशांचे तापमान लागते. कार्बाइडला ते सोसते. हायस्पीड स्टीलला मात्र सोसत नाही, कारण त्याला दिलेले पाणी साडेपाचशे अंशांच्या वर उतरू लागते आणि धार मऊ पडते. त्यामुळे साध्या ड्रिलला लेप मिळण्यासाठी आणखी सुमारे दहा वर्षे थांबावे लागले. निर्वात कक्षात धातूची वाफ किंवा फवारा निर्माण करून साडेचारशे-पाचशे अंशांत लेप बसवण्याच्या पद्धती परिपक्व झाल्या आणि १९८० च्या सुमारास सोनेरी ड्रिल दुकानात आले. या वाटचालीत कॅलिफोर्निया विद्यापीठातील भारतीय वंशाचे धातुशास्त्रज्ञ रोइंटन बनशाह यांचा मोठा वाटा आहे. धातूची वाफ आणि वायू यांची अभिक्रिया विजेच्या साहाय्याने उत्तेजित करून कार्बाइड व नायट्राइड यांचे लेप मिळवण्याची पद्धत त्यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी विकसित केली. या क्षेत्रातील एक पुरस्कार आज त्यांच्या नावाने दिला जातो.

आता झिजेकडे वळू. धार झिजली असे आपण एका शब्दात म्हणतो, परंतु त्या एका शब्दात चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. कामाच्या धातूतील कठीण कण धारेला ओरखडे काढतात. ॲल्युमिनियम किंवा स्टेनलेस स्टीलसारखा चिकट धातू धारेला वेल्ड झाल्यासारखा चिकटतो आणि सुटताना धारेचा तुकडा घेऊन जातो. निघणारी तप्त चिप टिपेच्या माथ्यावरून घासत जाते, तेथे तापमान कित्येकशे अंशांवर, जलद कर्तनात हजाराच्या आसपास जाते. त्या उष्णतेत टिपेतील अणू चिपेत विरघळून माथ्यावर खड्डा पडतो. हवेतील ऑक्सिजन तापलेला पृष्ठभाग जाळतो. मिलिंगमध्ये धार क्षणात धातूत घुसते आणि क्षणात बाहेर येते, त्या आघातांनी आणि तापण्या-निवण्याने सूक्ष्म चिरा पडतात.

झिजेचे सर्वांत प्रसिद्ध सूत्र इंग्रज संशोधक आर्चर्ड यांनी १९५३ मध्ये मांडले. झिजून गेलेले आकारमान हे भार आणि घसरलेले अंतर यांच्या समप्रमाणात, तर झिजणाऱ्या पृष्ठभागाच्या काठिण्याच्या व्यस्त प्रमाणात असते, असे ते सांगते. काठिण्य दुप्पट केले की झीज निम्मी. सूत्र इतके सुटसुटीत आहे की लेपविक्रेत्यांच्या माहितीपत्रकात काठिण्याचा आकडा ठळक अक्षरांत छापला जातो आणि ग्राहकही तोच पाहतो. मात्र त्या सूत्रात एक गुणांक आहे आणि त्याचे मूल्य परिस्थितीनुसार लाखो पटींनी बदलू शकते. चिकटणे, तडकणे, जळणे, वंगण असणे वा नसणे हे सारे त्या एका अक्षरात कोंबलेले आहे. केवळ काठिण्याच्या आकड्यावर विसंबून लेप निवडणे म्हणजे विद्यार्थ्याची उंची पाहून त्याला पहिला क्रमांक देण्यासारखे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

एकाच द्रव्याच्या साध्या लेपात काय उणे असते, हे त्याचा आडवा छेद इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर कळते. लेप सलग भिंतीसारखा नसतो. मूळ धातूपासून पृष्ठभागापर्यंत उभे वाढलेले स्फटिकांचे खांब, ज्वारीच्या दाट ताटांसारखे एकमेकांना चिकटून उभे असतात. निर्वात कक्षात अणू येऊन बसतात तेव्हा जो स्फटिक आधी उंचावतो, तो शेजाऱ्यांना सावलीत टाकून पुढे वाढतो, त्यामुळे ही रचना होते. दोन खांबांमधली फट हे लेपाचे दुबळे स्थान. पृष्ठभागावर पडलेली चीर त्या फटीतून विनासायास खाली उतरते आणि मूळ धातूला भिडते. तेथे ती आडवी पसरली की लेपाचा टवका उडतो. उडालेला टवका पुन्हा धारेखाली सापडला, तर तोच कठीण कण धारेला खरवडू लागतो. ज्याला रक्षक म्हणून ठेवले त्यानेच घर लुटावे, तसा हा प्रकार.

याखेरीज लेपात मोठा अंतर्गत दाबही असतो. वाढताना त्यावर आयनांचा मारा होत असल्याने अणू दाटीवाटीने ठासले जातात. थोडा दाब हितकर, कारण तो चिरांची तोंडे मिटलेली ठेवतो. लेप जाड करत गेले की या दाबाची साठलेली ऊर्जा वाढते आणि एका मर्यादेनंतर लेप आपोआप उकलतो. ‘जाड लेप द्या म्हणजे जास्त टिकेल’ अशी मागणी कारखान्यातून वारंवार येते, तिची अडचण येथे आहे.

यावर उपाय म्हणून बहुस्तरीय लेप आला. चिरोट्याची पोळी एकच जाड लाटली तर ती कडक होते, पण साटा लावून पातळ पोळ्या एकावर एक ठेवल्या की प्रत्येक पदर वेगळा राहतो. येथे दोन वेगवेगळ्या सिरॅमिकांचे पदर आळीपाळीने रचले जातात. उदाहरणार्थ, टायटॅनियम नायट्राइड, त्यावर क्रोमियम नायट्राइड, पुन्हा टायटॅनियम नायट्राइड, असे शेकडो वेळा. एका जोडीच्या जाडीला आवर्तन म्हणतात. ही जाडी काही नॅनोमीटर इतकी खाली आणता येते. एक नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग.

इतके तलम पदर एकामागून एक रचायचे कसे, असा प्रश्न कोणालाही पडेल. उत्तर मात्र आश्चर्यकारकरीत्या साधे आहे. निर्वात कक्षाच्या एका भिंतीवर टायटॅनियमची पाटी, समोरच्या भिंतीवर क्रोमियमची पाटी बसवलेली असते. कक्षात अत्यल्प आर्गॉन वायू सोडून विजेच्या दाबाने त्याचे आयन केले जातात. पाट्यांमागील चुंबक त्या तेजस्वी आयनवायूला पाटीजवळ जखडून ठेवतात. आयन पाटीवर आदळून धातूचे अणू उडवतात. सोबत सोडलेला नायट्रोजन त्यांच्याशी संयोग पावतो आणि ते नायट्राइड समोरच्या हत्यारावर बसते. हत्यारे मध्यभागी फिरत्या चौकटीवर टांगलेली असतात. टायटॅनियमसमोरून गेली की एक पदर, क्रोमियमसमोरून गेली की दुसरा. देवळाला प्रदक्षिणा घालावी तशी चौकट फिरते आणि प्रत्येक प्रदक्षिणेला एक जोडी पूर्ण होते. समजा, दोन तासांत तीन मायक्रॉन लेप बसतो. म्हणजे मिनिटाला २५ नॅनोमीटर. चौकट मिनिटाला चार फेरे घेत असेल, तर प्रत्येक फेऱ्यात सव्वासहा नॅनोमीटरची जोडी तयार होते आणि अखेरीस ४८० जोड्या, म्हणजे ९६० पदर साचतात. फेऱ्यांचा वेग वाढवला की आवर्तन पातळ होते. इतक्या सूक्ष्म रचनेची किल्ली मोटारीच्या वेगात असावी, ही या तंत्राची मला सर्वाधिक आवडणारी बाब आहे.

पदर केल्याने काठिण्य का वाढावे? याचे बीज अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचे जे. एस. कोहलर यांनी १९७० मध्ये मांडले. त्यासाठी आधी स्फटिक वाकतो कसा, हे पाहावे लागेल. वसतिगृहातील मोठी सतरंजी एका टोकाला धरून ओढली तर सरकत नाही. पण एका कडेला सुरकुती पाडून ती सुरकुती पुढे ढकलत नेली, तर सतरंजी थोडी सरकते आणि श्रमही कमी पडतात. स्फटिकातील अणूंच्या ओळींतही अशीच एक सुरकुती असते. शास्त्रीय परिभाषेत तिला विस्थापन म्हणतात. ती सरकली की द्रव्य दबते, आणि तिला अडवले की काठिण्य वाढते. कोहलर यांचे म्हणणे असे की, ताठ आणि तुलनेने लवचीक अशा दोन द्रव्यांचे पातळ पदर आळीपाळीने रचले, तर लवचीक पदरातील सुरकुती ताठ पदरात शिरू शकणार नाही, कारण तेथे तिला अधिक ऊर्जा लागते आणि सीमारेषा तिला मागे लोटते. शिवाय पदर इतके पातळ हवेत की नव्या सुरकुत्या जन्मण्यास आत जागाच उरू नये. विशेष म्हणजे ही कल्पना त्यांनी धातूंच्या थरांसाठी मांडली होती.

तिचा सिरॅमिकमधील ठळक पुरावा १९८७ मध्ये आला. स्वीडनमधील उल्फ हेल्मरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टायटॅनियम नायट्राइड आणि व्हॅनेडियम नायट्राइड यांचे पदर मॅग्नेशियम ऑक्साइडच्या स्फटिकावर इतक्या शिस्तीत वाढवले की, सबंध लेप हा एकच स्फटिक झाला. दोन्ही द्रव्यांच्या अणूंची चौकट सारखीच, अंतरात जेमतेम अडीच टक्क्यांचा फरक. त्यामुळे एकाची ओळ जेथे संपते तेथून दुसऱ्याची ओळ अखंड सुरू होते. याच द्रव्यांच्या साध्या मिश्रणाचे काठिण्य प्रति चौरस मिलिमीटर सुमारे २,००० किलोग्रॅम भरले. पदरांचे आवर्तन ५.२ नॅनोमीटर असताना मात्र ते सुमारे ५,५०० पर्यंत गेले. एवढ्या तलम लेपाचे काठिण्य मोजताना हजारभराचा कमीअधिकपणा त्यांनी स्वतःच नोंदवला होता, तरीही वाढ निर्विवाद होती. ५.२ नॅनोमीटर म्हणजे अणुचौकटीची अवघी बारा घरे. आवर्तन याहून जाड केले तर काठिण्य झपाट्याने उतरले, पातळ केले तरीही उतरले.

दोन्ही बाजूंनी का उतरावे, हे ध्यानात घेतले म्हणजे सगळे तत्त्व हाती येते. पदर फारच पातळ असले तर सीमेवरील अणू एकमेकांत मिसळतात, सीमा अंधूक होते आणि अंधूक सीमा कोणाला अडवणार? पदर जाड असले तर सुरकुती सीमा न ओलांडता आपल्याच पदरात आडवी फिरू लागते, अडथळा असून नसल्यासारखा होतो. पुढे अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात स्कॉट बार्नेट आणि सहकाऱ्यांनी एक मार्मिक प्रयोग केला. ज्यांचा ताठपणा जवळजवळ सारखाच आहे, अशा दोन नायट्राइडांचे पदर त्यांनी रचले. सीमा होत्या, पदर होते, आवर्तनही नेमके होते, परंतु काठिण्य वाढले नाही. सीमा असणे पुरेसे नाही, सीमेच्या दोन बाजूंच्या स्वभावात अंतर हवे, हे त्यातून सिद्ध झाले.

ॲल्युमिनियम नायट्राइडची कथा त्याहून विलक्षण आहे. स्वतःच्या मर्जीने ते षट्कोनी, सैल रचना घेते आणि त्या रूपात ते तितकेसे कठीण नसते. परंतु टायटॅनियम नायट्राइडच्या दोन पदरांमध्ये त्याचा दोन-तीन नॅनोमीटरचा पदर दाबून बसवला, तर ते शेजाऱ्याची घनाकार चौकट उचलते. पदर त्याहून जाड झाला की शेजाऱ्याचा प्रभाव संपतो, ते मूळ रूपावर येते आणि काठिण्य कोसळते.

येथवर विवेचन काठिण्याचे झाले, पण कारखान्यात निर्णायक ठरतो तो दुसरा लाभ. पदरांमुळे खांबांची सरळ वाढ वारंवार खंडित होते, कण बारीक राहतात आणि चिरेला सरळ खाली उतरण्यास वाट मिळत नाही. ती सीमेवर येते, वळते, काही अंतर आडवी जाते, पुन्हा खाली वळते. प्रत्येक वळणावर तिची ऊर्जा खर्ची पडते. मोत्याच्या शिंपल्याची आतली चकाकती बाजू अशाच रचनेची आहे. तिच्यात सुमारे ९५ टक्के खडूचेच एक स्फटिकरूप असते, पण अर्ध्या मायक्रॉनच्या चकत्या सेंद्रिय द्रव्याच्या तलम पडद्यांनी विलग ठेवलेल्या असल्याने शिंपला खडूसारखा मोडत नाही. जर्मनीतील कार्लस्रुहे येथील हेल्मुट होलेक यांच्या गटाने टायटॅनियम कार्बाइड आणि टायटॅनियम बोराइड यांच्या पदरांवर १९८० च्या दशकात काम केले. दोन्ही द्रव्ये एकेकटी ठिसूळ असूनही त्यांच्या पदरांचा लेप अधिक टिकाऊ ठरला, तो मुख्यतः चिरा वळवण्याच्या या गुणामुळे. आणखी एक फायदा असा की, एका पदरातील सुईच्या टोकाएवढे छिद्र पुढच्या पदराने झाकले जाते, म्हणून गंजही मूळ धातूपर्यंत उशिरा पोहोचतो.

ब्रिटनमधील लेलँड आणि मॅथ्यूज या संशोधकांनी २००० मध्ये झिजेच्या संदर्भात एक मुद्दा आग्रहाने मांडला. काठिण्याला ताठपणाने भागले असता जे गुणोत्तर येते, ते झिजेचे भाकीत नुसत्या काठिण्यापेक्षा चांगले करते. पोलादाचा ताठपणा सुमारे २१० गिगापास्कल, टायटॅनियम नायट्राइडचा त्याच्या दुपटीहून अधिक. भाराखाली पोलाद थोडे लवते, त्याबरोबर लेपालाही लवावे लागते. लेप फार ताठ असेल तर तेवढ्याच लवण्यात त्याच्यात प्रचंड ताण उद्भवतो आणि तो फुटतो. म्हणून कठीण पण फार ताठ नसलेला लेप हवा. क्रोमियम नायट्राइड हे टायटॅनियम नायट्राइडहून किंचित मऊ असूनही साच्यांवर आणि पंचांवर अधिक टिकते, त्यामागे हेही एक कारण आहे. बेंगळुरूच्या राष्ट्रीय एरोस्पेस प्रयोगशाळेत या दोहोंच्या नॅनोपदरांचा अभ्यास झालेला आहे, हे येथे नमूद करणे उचित होईल.

उष्णतेचा विचार केल्यावाचून ही चर्चा अपुरी राहील. साधे टायटॅनियम नायट्राइड साडेपाचशे अंशांच्या आसपास ऑक्सिजनशी संयोग पावू लागते. त्यात ॲल्युमिनियम मिसळले तर पृष्ठभागावर ॲल्युमिनियम ऑक्साइडची घट्ट साय धरते आणि ही मर्यादा सुमारे ८०० अंशांपर्यंत जाते. कोरड्या, जलद कर्तनासाठी जांभळट-काळ्या रंगाचे लेप वापरतात, ते बहुधा या जातीचे. अतितलम पदरांनाही उष्णतेची भीती असते. दीर्घकाळ तापल्यावर शेजारचे पदर एकमेकांत मिसळले, तर इतक्या कष्टाने मिळवलेले काठिण्य हातचे जाते. म्हणून एकमेकांत न विरघळणाऱ्या द्रव्यांच्या जोड्या निवडाव्या लागतात.

एवढ्या तलम गोष्टीची पारख करायची कशी? जाडी मोजण्याची एक रीत इतकी सोपी आहे की, ती शाळेच्या गणितात शिकवता येईल. पोलादाची गोळी हिऱ्याची बारीक भुकटी लावून लेपावर फिरवतात. वाटीसारखा खळगा पडतो. वरून पाहिले की बाहेर लेपाचे कडे आणि मध्ये मूळ धातूचे वर्तुळ दिसते. बाहेरच्या व्यासाच्या वर्गातून आतल्या व्यासाचा वर्ग वजा करून गोळीच्या व्यासाच्या चौपटीने भागले की लेपाची जाडी मिळते. गोळी ३० मिलिमीटरची, बाहेरचा व्यास ०.९ आणि आतला ०.६ मिलिमीटर असेल, तर उत्तर ०.००३७५ मिलिमीटर, म्हणजे पावणेचार मायक्रॉन. पदर पुरेसे जाड असतील तर खळग्यात झाडाच्या खोडासारखी वलये दिसतात. नॅनोमीटरचे पदर मात्र प्रकाशाला दिसत नाहीत. त्यांसाठी क्ष-किरणांचे विवर्तन वापरतात. मुख्य शिखराच्या दोन्ही बाजूंना छोटी उपशिखरे उमटतात आणि त्यांच्या अंतरावरून आवर्तन काढता येते. उपशिखरे ठसठशीत असतील तर सीमा स्वच्छ आहेत, असे समजावे. लेप किती घट्ट चिकटला आहे हे पाहण्यासाठी हिऱ्याची टोकदार सुई वाढत्या भाराने ओढतात आणि कोणत्या भाराला टवके उडू लागतात ते नोंदतात. मला विचाराल तर ही शेवटची चाचणी सर्वांत मोलाची. हत्यारावर तेलाचा अंश किंवा गंजाचा ठिपका राहिला असेल, तर हजार पदरांची सगळी विद्या व्यर्थ जाते. लेपनगृहात धुणे, पुसणे, सुकवणे यांवर खर्च होणारा वेळ पाहून नवख्याला नवल वाटते, पण तेथे कसूर करणारा कारखाना टिकत नाही.

या तंत्राशी कामगाराच्या आरोग्याचाही जवळचा संबंध आहे. झीज रोखण्यासाठी दांडे, साचे, पंच यांना हार्ड क्रोम करण्याची जुनी पद्धत आजही सर्वत्र चालते. तिच्या हौदातील क्रोमियम हे सहा संयुजेचे असते आणि त्याच्या बाष्पाने नाकाच्या पडद्याला छिद्र पडते, त्वचेवर खोल जखमा होतात. फुप्फुसाच्या कर्करोगास ते कारणीभूत असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने निःसंदिग्धपणे नमूद केले आहे. युरोपीय संघात २१ सप्टेंबर २०१७ नंतर विशेष परवान्याशिवाय त्याचा वापर करता येत नाही. निर्वात कक्षातील क्रोमियम नायट्राइडच्या लेपाला असा हौद लागत नाही, सांडपाणीही त्या जातीचे निघत नाही, आणि काठिण्य हार्ड क्रोमच्या जवळपास दुप्पट असते. यंत्र महाग आहे, मोठे दांडे त्यात मावत नाहीत आणि जाड थर देता येत नाही, या अडचणी खऱ्या आहेत. तरीही जेथे शक्य आहे तेथे बदल का करावा, याचे उत्तर कारखान्याच्या हिशेबाच्या वहीत शोधू नये, हौदावर वाकून उभ्या असलेल्या माणसाच्या श्वासात शोधावे.

कच्च्या मालाचा विचारही याला जोडून येतो. कार्बाइडच्या टिपेत टंगस्टन आणि कोबाल्ट असतात. जगातील टंगस्टनचे बहुतांश उत्पादन चीनमध्ये होते. राजस्थानातील डेगाणा येथे पूर्वी खाण होती, आपल्या नागपूर जिल्ह्यातील कुही-खोबना परिसरातही टंगस्टनच्या खनिजाच्या नोंदी आहेत, पण गरज आयातीवरच भागते. टिपेचे आयुष्य दुप्पट झाले तर तेवढ्याच कामाला निम्मे टंगस्टन लागते.

अखेरीस प्रत्यक्ष यंत्रावर काम करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. टिपेचा सोनेरी रंग कित्येकदा सर्वांत वरच्या पातळ थराचा असतो. त्याखाली करडे-काळे कठीण थर असतात आणि रंग उडाला म्हणजे ती बाजू वापरली गेली आहे एवढाच त्याचा अर्थ, लेप संपला असा नव्हे. लेप दिलेल्या ड्रिलला पुन्हा धार लावली की टोकावरील लेप घासून जातो, मात्र चिप ज्या खोबणीतून वर चढते तेथील लेप शाबूत राहतो. त्यामुळे धार लावलेले सोनेरी ड्रिल नव्याइतके चालत नसले तरी साध्या ड्रिलपेक्षा बहुधा अधिक चालते, ते लगेच भंगारात टाकण्याचे कारण नाही. कार्बाइडच्या हत्याराला धार लावताना मात्र पाण्याची धार आणि धूळ ओढणारा पंखा चालू असल्याची खात्री करावी, तोंडावर योग्य मास्क असावा. घासताना उडणाऱ्या धुळीत कोबाल्ट असते आणि ती वर्षानुवर्षे श्वासावाटे गेल्यास फुप्फुसे कायमची निकामी होऊ शकतात.